बालाघाटातून रमतगमत

लातूरहून निघतानाच ह्यांना बजावलं, गाडी साठच्या वर न्यायची नाही. अंबाजोगाईला मित्राकडे मुक्काम. वहिनींनी ज्वारीचे धपाटे केलेले, सोबत दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, पानावरून उठवेना. योगेश्वरीचं दर्शन घेऊन मुकुंदराजांच्या समाधीकडे गेलो. खाली हिरवीगार दरी! मराठवाडा नुसता कोरडा म्हणणाऱ्यांना श्रावणात इथं आणून बसवावं.

मग पाटोद्याजवळचं सौताडा. विंचरणा नदी कड्यावरून थेट दरीत उडी घेते, तळाशी रामेश्वराचं मंदिर. पायऱ्या उतरताना तुषारांनी चष्मा भरला. ह्यांचं आपलं एकच, ‘चहा कुठं मिळंल?’ चढताना गुडघे बोलायला लागले, तेव्हा कुठं गप्प झाले.

आता माहूर. नांदेडच्या मैत्रिणीला फोन केलाय.