घोडा आठ घरं जातो, मी चारच पाठवते

शनिवारी संध्याकाळी भाचा ठाण्याहून ऐरोलीला येतो आणि जेवणं उरकली की आमचा ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’चा डाव रंगतो. 2003 सालापासून फुकट मिळणारा हा गेम. षटकोनी घरांचा नकाशा, फौज विकत घ्यायला प्रत्येकी 100 सोनं, आणि वर धुकं, म्हणजे आपल्या सैनिकांच्या नजरेबाहेरचा शत्रू दिसत नाही. लॅपटॉप एकच, त्यामुळे त्याची चाल असली की मी गॅलरीत जाऊन उभी राहते, माझी असली की तो जातो. एकमेकांचा स्क्रीन बघितला तर टेहळणीला अर्थच उरत नाही, आणि मला या खेळात सगळ्यात जास्त आवडते ती टेहळणीच.

माझी फौज लॉयलिस्टांची, म्हणजे राजाच्या माणसांची, त्याची ऑर्क नावाच्या राक्षसी टोळ्यांची. रात्र झाली की ऑर्कांचा मार 25 टक्क्यांनी वाढतो आणि माझ्या माणसांचा तेवढाच उतरतो. पहिली चाल पहाटेची, चौथी तिन्हीसांजेची, पाचवी-सहावी रात्रीची. तेव्हा तो कुठून येतोय हे मला उजेडातच कळायला हवं.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक डाव हरले, तो अजून डोळ्यांसमोर आहे. तिसऱ्या चालीला आधी दोन भालाईत नदीपार नेले आणि मग घोडेस्वार सोडला. क्रमच उलटा. मोकळं गवत होतं म्हणून समोर दिसणाऱ्या भाच्याच्या लांडगेस्वाराचा विचार न करता घोडा सरळ पळवला, तर सातव्या घरावर त्याच्या शेजारी जाऊन अडकला. शत्रूच्या लगतच्या घरात शिरलं की पाय तिथेच थांबतो. धुकं उठलेलं असलं की चाल मागेही घेता येत नाही. पुढच्या चालीत तीन ऑर्कांनी घेरून त्याला मारला, आणि भालाईत रात्रभर पलीकडच्या काठावर उघडे पडले.

तेव्हापासून दुसरं काहीही हलवण्याआधी घोडा, आणि तोही चारच घरं. गवतावर तो आठ घरं जातो, पण चार घरं जाऊन, बघून, उरलेल्या चारांत परत येता येतं. बघण्यासाठी शिल्लक चाल मोजत नाहीत. युनिट जिथे उभं असेल तिथून पूर्ण ताकदीने जितकं जाऊ शकलं असतं, तितकं आणि वर एक घर दिसतं. म्हणजे चौथ्या घरावरून त्याला पुढची नऊ घरं दिसतात, आणि रात्री तो आपल्या माणसांत असतो. मेलेल्या हेराने एकदाच बघितलेलं असतं. मला तो रोज हवा असतो.

पण हीच नजर जंगलात अडते. झाडीतल्या एका घराला घोड्याची गवतावरच्या तीन घरांइतकी चाल खर्च होते, त्यामुळे कडेला उभं राहून फक्त तीन घरं आतपर्यंत दिसतं. भालाईतालाही तेवढंच. जंगल खोल असेल तर मी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही, हिशेब करते.

गेल्या शनिवारी तिसऱ्या चालीला घोड्याने पुलापलीकडे तीन ग्रंट, म्हणजे साधे ऑर्क पायदळ, आणि एक लांडगेस्वार बघितला. ग्रंट 12 सोन्याचा, लांडगेस्वार 17 चा. दुधाच्या बिलामागे लिहिलं: 36, 17, बेरीज 53. उरले 47, शिवाय ताब्यातल्या गावांचं उत्पन्न. भाचा सोनं साठवून ठेवणाऱ्यांतला नाही, सुरुवातीलाच सगळं लावतो. म्हणजे अजून तीन जण नक्की आहेत आणि मोकळ्या रानात ते कुठेच नाहीत. राहिलं डावीकडचं जंगल.

घोडा मागे आणला. भालाईत नदी ओलांडून न नेता अलीकडच्या काठावर, डावीकडे सरकवून उभे केले. पाण्यात उभ्या असलेल्या ऑर्कावरचा वार 80 टक्के वेळा लागतो, आणि हल्ला समोरच्याने केला तरी भाल्याचा वार आधी पडतो. रात्रीही हा सौदा मला परवडतो.

पाचव्या चालीला जंगलातून ट्रोलचं पिल्लू आणि दोन ग्रंट बाहेर पडले, ते थेट पाण्यात.

डाव संपल्यावर भाच्याने विचारलं, “मावशी, तुझा घोडा तर जंगलाकडे फिरकलाच नाही. तुला कळलं कसं?”

मी दुधाचं बिल उलटं करून त्याच्यापुढे सरकवलं.