नाकाचा सांधा

अंगठ्याने दाबलं की ‘टक’. अंगठा उचलला की पुन्हा ‘टक’.

पत्र्याचं काम करणाऱ्याला हा आवाज कुणी शिकवावा लागत नाही. तेलाच्या रिकाम्या डब्याचा तळ दाबल्यावर जसा आतबाहेर होतो, तसा पत्रा एका जागी सैल झालाय, एवढाच त्याचा अर्थ. पण मी तो आवाज ऐकत होतो एका रेसिंग कारच्या नाकातून. पाच महिने खपून ते नाक उभं केलं होतं आणि गाडी न्यायला ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला येणार होता.

मे महिना होता. जळगावचा मे इथल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ वर गेला की एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये दुपारी हातोडीचा लोखंडी भागसुद्धा धरवत नाही. म्हणून आम्ही पहाटे पाच ते दहा आणि मग थेट रात्री आठनंतर असं काम करत होतो. आदल्या रात्री नाकाचा शेवटचा सांधा गॅसने जोडला, पत्रा कोमट असतानाच दिवे घालवले आणि घरी गेलो. सकाळी साडेसहाला सहज हात फिरवला, तेव्हा हे समजलं.

गाडी रावेरकडच्या एका केळीवाल्या भाऊंची. शिकलेले इंजिनिअर, आता शेती बघतात आणि मोटार रेसिंगचं वेड लहानपणापासूनचं. १९५७ साली जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगला हुआन मानुएल फान्जिओने मासेराती २५०एफ चालवून जी शर्यत मारली, तिच्याबद्दल ते बोलायला लागले की पाणी द्यायला आलेला पोरगाही थांबून ऐकतो. त्यांना तशी गाडी हवी होती. हुबेहूब नक्कल नव्हे, त्या काळच्या चालीची: चाकं उघडी, मध्ये सिगारसारखं निमुळतं अंग, पुढे अंड्याच्या आकाराचं तोंड, मागे डोकं टेकवायच्या उंचवट्यातून उतरत जाणारी शेपूट. इंजिन मारुती जिप्सीचं, १२९८ सीसीचं. चालवायची ती कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, सार्वजनिक रस्त्यावर नाही. चेसिस त्यांनी दुसरीकडून बनवून आणली होती. बॉडी माझ्याकडे आली.

अट एकच होती. रंग नाही. उघडा अ‍ॅल्युमिनियम, पॉलिश केलेला.

या अटीचं वजन ज्याने पत्रा ठोकलाय त्यालाच कळेल. रंगाखाली पुट्टी लपते आणि पुट्टीखाली माणसाचा आळस लपतो. उघड्या पत्र्यावर प्रत्येक घाव दिसतो. मला ती अट ऐकून आनंद झाला होता, हे आजही खरं सांगतो. आयुष्यभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांना पुट्टी भरत आलो. हे काम तसं नव्हतं.

चित्र आम्ही कागदावर काढलंच नाही. शेडच्या भिंतीला चुना मारला आणि तिच्यावर गेरूने पूर्ण मापाची गाडी काढली. बाजूने एक आकृती, वरून एक. रेषा मारायला बुरुडाकडून बांबूच्या लांब कांबी आणल्या. चार ठिकाणी खिळे ठोकून कांब त्यांच्यामधून वाकवली की ती जी वळते, ती रेघ डोळ्याला कधी खुपत नाही. बांबूला कोन करता येत नाही, त्यामुळे रेघेतही कोन राहत नाही. पेच आला तो इंजिनाचा. जुन्या रेसिंग गाड्यांचं बॉनेट खालपर्यंत झुकलेलं असतं आणि जिप्सीचं इंजिन उभं, उंच. कांब कितीही वाकवली तरी इंजिनाचं हेड, म्हणजे त्याचा सगळ्यात वरचा भाग, वर येत होतं. दोन आठवडे भाऊ आणि मी त्या भिंतीपुढे उभे राहून खल केला. शेवटी अख्खं बॉनेट उंच करण्याऐवजी हेडपुरता एक लांबट फुगवटा काढला आणि तो मागे विंडस्क्रीनपर्यंत विरवत नेला. आज लोक गाडी बघून आधी त्या फुगवट्याचं कौतुक करतात.

भिंतीवरून फर्मे, म्हणजे आकाराचे साचे, उतरवले, १२ मिमी प्लायवूडचे, दर १५० मिमीवर एक. ते चेसिसच्या मापाच्या पाटावर उभे केले की माशाच्या काट्यासारखा सांगाडा तयार होतो. त्यावर पत्रा ठोकत नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पत्रा ठोकायचा बाजूला, वाळूच्या चामडी पिशवीवर, लाकडी हातोडीने. मग इंग्लिश व्हील नावाच्या यंत्राच्या दोन चाकांमधून पुढेमागे ओढून घाव मिटवायचे आणि सांगाड्यावर ठेवून बघायचं. कुठे टेकतोय, कुठे उजेड दिसतोय. परत पिशवीवर. एका नाकासाठी ही येरझार किती झाली याची गणती नाही.

पत्रा १६ गेजचा, म्हणजे १.६ मिमी. आठ बाय चार फुटांचा अख्खा पत्रा जेमतेम १३ किलो भरतो, एक माणूस सहज उचलतो. हलका म्हणून रेसिंगला बरा, पण मनाने हट्टी. ठोकत गेलं की कडक होत जातो आणि कडक झाल्यावर मारला तर फाटतो. मग तापवून नरम करावा लागतो. लोखंड तापलं की लाल होतं, आपल्याला सांगतं. अ‍ॅल्युमिनियम काही सांगत नाही. ६६० अंशांच्या आसपास वितळतो, पण तोवर चांदीसारखाच दिसत राहतो आणि एकदम गळून पडतो. म्हणून त्यावर साबणाच्या वडीने रेघ ओढायची. ज्योत लांबून फिरवली की रेघ आधी पिवळट होते, मग तपकिरी, मग काळी. काळी झाली की ज्योत लगेच काढायची. माझ्या हाताखालच्या पोराने पहिल्यांदा ती रेघ काळी पडताना बघितली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

इटलीत मोडेनाला मेदार्दो फांतुत्सी यांच्या कारखान्यात मासेराती २५०एफच्या बॉड्या अशाच हाताने ठोकून बनत. भाऊंनी मला त्याचे फोटो दाखवले होते. फोटो बघून मला आमचं पारोळ्याचं घर आठवलं. आम्ही तांबट. आजोबा आणि आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ओसरीवर बसून तांब्याचे हंडे-घागरी मठारायचे. मठारणं म्हणजे पत्र्यावर शेजारी शेजारी बारीक घाव घालत जाणं, म्हणजे भांडं आकारात येतं, कडक होतं आणि चकाकतं. स्टीलची भांडी आली, धंदा बसला, वडील जळगावला गॅरेजात लागले आणि मी डेंटर झालो. हातोडी तीच राहिली.

त्या सकाळी मात्र हातोडी तीच असून उपयोग झाला नाही. टक वाजणारी जागा नाकाच्या वरच्या भागात होती, चहाच्या बशीएवढी. मी आतून डॉली, म्हणजे घावाला आधार देणारा लोखंडी ठोकळा, लावली आणि तिथेच ठोकायला घेतलं. बारीक घाव, एकसारखे. अर्ध्या तासाने बशी सरकून दुसरीकडे गेली. मी तिच्यामागे गेलो. साडेआठपर्यंत ती जेवायच्या ताटाएवढी झाली. मला घाम उन्हाने येत होता की भीतीने, ते सांगता येणार नाही. भाऊंना फोन करून खरं ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग हळूच म्हणाले, “दादा, तेवढ्या जागेला पुट्टी आणि वरून चंदेरी रंग नाही का चालणार?” मी नाही म्हणालो. रेसिंगच्या हादऱ्यांत अशा हलत्या जागेवरची पुट्टी टिकत नाही, सोलून येते. आणि टिकली असती तरी मी मारली नसती.

आबा तेव्हा आमच्याकडेच होते. डोळे तपासायला पारोळ्याहून एसटीने आले होते. वय ७६, मोतीबिंदू पिकलेला, हाताला कंप. दहाच्या सुमारास माझा मुलगा त्यांना डब्याबरोबर शेडवर घेऊन आला. गाडी त्यांनी पहिल्यांदाच बघितली. काही बोलले नाहीत. डोक्याचं पांढरं फडकं काढलं, तळहाताखाली धरलं आणि नाकावरून पुढून मागे, एका दमात, हात फिरवला. फडक्यावरून पत्रा जास्त कळतो. उघडा हात घामाने चिकटतो, फडकं सरकतं आणि बारीकसा खळगासुद्धा बोटांना लागतो.

“काय व्हयनं रे?” त्यांनी विचारलं.

मी दाबून दाखवलं. टक. मग मी कुठे ठोकलं ते दाखवलं. त्यांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

“आठे नको ठोकू. सांधाले देख. शिलाई आखडनी का कापड फुगसच.”

मी पट्टी आणून सांध्यावर आडवी धरली. मग त्या जागेचा फर्मा लावून बघितला. नाकाचा वरचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे जोडले होते, त्या ६० सेंटिमीटरच्या सांध्यावर फर्म्याखालून उजेड दिसत होता. मधोमध २ मिमी सांधा खाली बसला होता.

मला तेव्हा लख्ख कळलं. गॅसने जोडताना सांध्यालगतची पट्टी तापते आणि थंड होताना आखडते. लांबी कमी होते. शिंप्याने दोरा ओढून शिवलं की शेजारचं कापड चुणतं, तसंच. वरचा पत्रा सैल झालाच नव्हता. त्याची कड आखूड झाल्यामुळे त्याला मध्ये जागा उरली नव्हती. आणि मी दोन तास त्या निर्दोष जागेलाच ठोकून आणखी ताणत बसलो होतो. हे मला पुस्तकी ठाऊक नव्हतं असं नाही. लोखंडी मडगार्डवर शंभर वेळा केलंय. पण ट्रकची वेळ डोक्यात बसली की हात आवाजाच्या मागे धावतो.

दुपार आम्ही शेड बंद करून घालवली. रात्री आठला सुरुवात केली. आधी सांध्यावरचा वेल्डचा उंचवटा कानसून पत्र्याच्या पातळीला आणला. आतून आबांचा लोखंडी खुंट लावला. त्यांनी तो पारोळ्याच्या घरून पूर्वीच मला दिला होता, वरचं तोंड आरशासारखं झालेला. बाहेरून गुळगुळीत तोंडाची हातोडी. खुंटावर बरोबर घाव बसला की पत्रा दोन लोखंडांमध्ये चेपतो आणि केसभर पसरतो. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, एक घाव दुसऱ्यावर निम्मा चढवत. आबा स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत होते. घाव खुंटावर बसला की आवाज टणक येतो, हुकला की पोकळ. हुकला की ते बोटाने स्टुलावर टिचकी मारायचे. एवढंच.

साडेदहाला फर्म्याखालचा उजेड निम्मा झाला. शेवभाजी-भाकरी खाल्ली ती हात न धुता, उभ्यानेच. साडेबाराला उजेड गेला. ताट पुन्हा बशीएवढं झालं, मग लिंबाएवढं. ते लिंबू माझ्या सकाळच्या ठोकण्याचं होतं, तिथे पत्रा खरोखर ताणला गेला होता. तेवढी जागा साबणाच्या रेघेवर तापवली, भोवतीने लाकडी हातोडीने हलके आत सारत आणली आणि ओल्या फडक्याने एकदम थंड केली. दोनदा केलं. मग कानस, पॉलिश पेपर, बफ. वेल्डिंगच्या वेळी सांध्याला लावलेल्या फ्लक्सचा कण राहिला तर तो पुढे पत्रा खातो, म्हणून आतून गरम पाण्याने आणि ब्रशने सांधा पुन्हा घासला.

चारला आबांनी फडकं घेतलं, हात फिरवला.

“आते दाब.”

मी दाबलं. पत्रा जागचा हलला नाही. आबांनी स्वतः चार ठिकाणी अंगठा लावून बघितला, मग बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि तंबाखू काढली.

ट्रक पाचला नाही, साडेपाचला आला. गाडी चढवताना उजाडत होतं आणि नाकावर शेडची ट्यूबलाइट पडली होती. ती रेघ तोंडापासून बॉनेटपर्यंत कुठेही न मोडता सरकत गेली.

तीन आठवड्यांनी गाडी परत आली. तोंडाच्या कडेवर खड्यांचे ठिपके, बाजूला एका चाकाचं काळं रबर. मी आधी नाकाला अंगठा लावला. ते तसंच होतं. चीर गेली होती शेपटीला, एका ब्रॅकेटच्या भोकापाशी, नखाएवढी. तिच्या टोकावर बारीक ड्रिल मारून ती पुढे जायची थांबवली, मागून जोड लावला आणि सगळ्या ब्रॅकेटखाली रबरी वॉशर टाकले. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तोवर झालं होतं. त्यांना गाडी आता नीट दिसेल, म्हणून ती जोडाची रिव्हेट मारायला मी ते जळगावला येईपर्यंत थांबलो.