वुड यू माइंड?

परदेशी शिकायला निघालेल्या चिनी मुलांना मी इंग्रजी शिकवते. 'आदर आणि शिष्टाचार' हा धडा आला की मला हसूच येतं. शिक्षक वर्गात आले की उठून एका सुरात 'लाओशी हाओ', म्हणजे 'नमस्ते गुरुजी', म्हणत ही मुलं मोठी झाली. त्यांना मी आदर काय शिकवणार? शिक्षकाला नुसत्या नावाने हाक मारायला त्यांची जीभ रेटत नाही. मला 'टीचर' म्हणतात. एखाद्या इंग्रज मास्तराला ते तुटक वाटेल, मला आपलं 'बाई' ऐकल्यासारखं वाटतं.

त्यांची अदब बरीचशी हातांत असते. व्हिजिटिंग कार्ड द्यायचं ते दोन्ही हातांनी. वडीलधाऱ्यांशी ग्लास भिडवताना आपल्या ग्लासाची कड खाली धरायची. दोघंही तेवढेच सभ्य निघाले तर ग्लास खाली खाली जात पार टेबलाला टेकायचे! दक्षिण चीनमध्ये, ग्वांगडोंगकडे कुणी कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक वाजवायची. झाले आभार, गप्पा तोडायला नकोत. म्हणे छ्येनलुंग बादशहाने वेष पालटून फिरताना नोकराला चहा ओतला. चारचौघांत लोटांगण घातलं तर बिंग फुटणार, म्हणून नोकराने बोटांनाच गुडघे टेकायला लावले. दंतकथाच, पण झकास.

इंग्रजीत बोटं वाजवून भागत नाही. 'प्लीज ओपन द विंडो'मध्ये प्लीज असलं तरी हुकूम तो हुकूमच. 'कुड यू', 'वुड यू माइंड', 'आय वॉज वंडरिंग इफ'... जेवढं लांबण, तेवढी नम्रता. खिडकीच उघडायची आहे ना, असा भाव मुलांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतो. त्यातून 'वुड यू माइंड' म्हणजे 'हरकत आहे का?', त्याला होकार द्यायचा तर 'नो' म्हणायचं! नियम तोंडपाठ असतो, पण ऐन वेळी अदबीने 'येस' निघतं आणि खिडकी बंदच राहते.

एका बाबतीत मात्र मी पुस्तकाला जुमानत नाही. पाहुणा निघाला की चिनी लोक 'मान त्सोउ' म्हणतात आणि मुलं त्याचं सरळ 'वॉक स्लोली' करून टाकतात. तिथे 'टेक केअर' हवं, कबूल. पण दारातून 'सावकाश जा हं' ऐकत वाढलेल्या बाईने त्यावर लाल रेघ कशी मारायची?

रांगेचा धडा त्या मानाने सोपा. ऑलिंपिकच्या तयारीत बीजिंगने फेब्रुवारी २००७ पासून दर महिन्याची ११ तारीख रांगेचा दिवस ठरवली होती. इंग्रजी आकड्यांत अकरा लिहिले की दोन माणसं एकामागे एक उभी दिसतात, म्हणून. ही गोष्ट सांगून मी 'एक्स्क्यूज मी, आर यू इन द क्यू?' शिकवते आणि ते सगळ्यांना चटकन जमतं. दादरला संध्याकाळच्या लोकलपुढे याचा कितपत उपयोग होईल, हे सुदैवाने अजून कुणी विचारलेलं नाही.