पातेऱ्याखालचं माकड

बागेतल्या ओहळाकाठी मेलेलं माकड दिसलं तेव्हा मी आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहत तर नाही ना म्हणून. 2016 चा फेब्रुवारी. काजूला बोंडू धरले होते आणि दुसऱ्याच दिवसापासून पाच बायका वेचणीला यायच्या होत्या.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आदल्या वर्षी, 2015 मध्ये, आमच्याच गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, पाली गावात माकडतापाने माणसं गेली होती. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, लगेच कळवा, हे घरोघरी सांगून झालं होतं. पण कळवलं की माणसं येणार, माकड जाळणार, भोवती पावडर मारणार. ते बघून वेचणीला कोण येईल? मी एका काठीने माकड खड्ड्यात ढकललं आणि वर पातेरा, म्हणजे वाळका पाला, ओढला. हातांनी. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

सहाव्या दिवशी दुपारी जेवताना हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत डोकं घण मारल्यासारखं, डोळे लाल, मांड्या आणि कंबर अशा दुखायला लागल्या की कूस बदलवेना. एका खाजगी दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांनी विचारलं, रानात गेला होता का? मी म्हटलं, बागेत जातोच रोज. माकडाचं बोललो नाही. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा बायकोने माझं काही न ऐकता मला वाळपईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासायला मणिपालला गेलं. अहवाल यायच्या आत गावाने निदान करून टाकलं होतं.

माकडतापाला खास असं औषध नाही. सलाइन, तापाची गोळी, पाणी, आणि रोज प्लेटलेट मोजणं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खाटेवर बसून मला जे सांगितलं ते मी आधी दहा वेळा ऐकलेलं असूनही मला तेव्हाच कळलं. हा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकात, शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात सापडला. माकडं तो पसरवायला येत नाहीत, तीही त्यानेच मरतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून पातेऱ्यात पसरतात, आणि त्यांची पिल्लं इतकी बारीक असतात की चावली तरी कळत नाही. डिसेंबर ते मे त्यांचा जोर. म्हणजे नेमका आमच्या काजूचा हंगाम. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्या बायकोकडे बघून, कारण ती माझं ताट वेगळं ठेवायला लागली होती.

मी लशीबद्दल विचारलं. पहिला डोस घेतला होता. दंड इतका दुखला की महिन्याने दुसरा घ्यायला गेलो नाही. आणि वर चार जणांना सांगितलं होतं की घेऊन काही उपयोग नाही. त्या म्हणाल्या, एका डोसाने संरक्षण मिळतच नाही, आणि सगळे घेऊनही पक्की खात्री नसते. अंगभर कपडे, गोचीड लागू नये म्हणून पायांना डीएमपी तेल आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ हे चुकवायचं नाही.

ताप बाराव्या दिवशी उतरला. तो उलटू शकतो, आठवड्या-दोन आठवड्यांनी परत येऊन डोक्यावर जातो, असं सांगितल्यामुळे बायको कॅलेंडरवर रेघा मारत होती. माझा उलटला नाही. पण जिना चढताना पाय लटपटायचे ते पावसाळ्यापर्यंत.

घरी परतलो तर दुधवाला भांडं पायरीवर ठेवून जायला लागला होता. दुकानात बायकोला सुटे पैसे हातात न देता फळीवर टाकत. काजूची दारू, म्हणजे उर्राक, काढणाऱ्या भट्टीवाल्याने आमचे बोंडू नाकारले. म्हणे गिऱ्हाईक विचारतं उर्राक कुठल्या बोंडवाची. अरे, रस उकळून वाफेची उर्राक होते, तिच्यात गोचीड कुठून यायची? मोबाइलवर मेसेज फिरत होता की शेजारच्या राज्यातून ट्रक भरून आजारी माकडं आणून आमच्या रानात सोडली. आजारी पडायच्या आधी तो मीही तीन ग्रुपवर पुढे पाठवला होता. शिगम्याला, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाला, नाचगाण्याचा मेळ आमच्या अंगणात आलाच नाही. ढोल वळणावरून खाली गेले. मुलगा दारात उभा होता, आत येऊन टीव्ही लावून बसला.

गंमत अशी की जे लोक माझ्या सावलीला भीत होते तेच अनवाणी पातेरा गोळा करायला जात होते.

वेचणीच्या बायकांतल्या एका मावशीला मार्चमध्ये ताप आला. पाच दिवस तिने तो लपवला. घरातल्यांना सांगितलं, ऊन लागलं. आमच्या पायरीवरचं दुधाचं भांडं तिने पाहिलं होतं. कुणीतरी मला सांगितल्यावर मीच तिला रिक्षात घालून वाळपईला नेलं. रिक्षावाला आधी नाही म्हणाला, दुप्पट पैसे घेऊन आला. तीही वाचली. तिला तो ताप माझ्या खड्ड्यामुळे आला की दुसरीकडून, हे कोणी सांगू शकणार नाही. मी मात्र रात्री हिशेब करत राहायचो.

पुढच्या हंगामात ओहळापलीकडे परत एक माकड पडलेलं दिसलं. या वेळी तिथूनच फोन लावला. माणसं आली, जाळलं, पावडर मारली, आणि वेचणी आठवडाभर बंद राहिली. वेचणी पुन्हा सुरू झाली त्या सकाळी मावशी दगडावर बसून पोटऱ्यांना तेल चोळत होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि गेल्या वर्षीचं सगळं सांगून टाकलं.

ती चोळायची थांबली नाही. म्हणाली, "ठाऊक होतं रे मला. काठी तिथंच पडलेली. पण बोलले असते तर आमचीच मजुरी बुडाली असती." आणि तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली.