टॉर्च कपाळाशी धरून

पाऊस पडून दोन दिवस झाले होते. चोपड्याजवळच्या माहेरच्या शेतात कपाशी नुकती वर आली होती. जेवणं झाल्यावर सहा वर्षांची लेक आणि चार वर्षांचा भाचा यांना गमबूट घालून बांधावर नेलं. टॉर्च कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरायला लावला. सरीत हिरवट ठिणग्या चमकल्या.

"दव आहे," लेक म्हणाली.

जवळ गेलो तर ते डोळे होते, लांडगा कोळ्यांचे. एका मादीच्या पाठीवर पिल्लांचा ढीगच. भाचा उकिडवा बसला तो उठेचना.

मुलांना आधी हेच दाखवावं असं मला मनापासून वाटतं. पहिली भेट भिंतीवरच्या कोळ्याशी झाली, की आपण किंचाळतो आणि भीती तिथेच शिकवून मोकळे होतो.

मग ओट्यावर टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, आला. पावसाळ्यात नर मादीच्या शोधात बिळाबाहेर हिंडतात. आई ओरडली, "हात नको लावजो रे भाऊ!" इथे आईचं बरोबर होतं. आपल्याकडच्या टॅरंटुलाला अमेरिकेतल्यांसारखे खाज आणणारे केस नसतात, पण चावा फार दुखतो. शिवाय हातातून खाली पडला तर त्याचं पोट फुटतं, तोच मरतो. मी त्याच्यावर पारदर्शक बरणी पालथी घातली, खालून पुठ्ठा सरकवला. मुलांनी पाय मोजले. भाच्याचे दहा भरले. तोंडाजवळचे दोन हे पाय नव्हेत, त्यांनी तो चाचपतो, हे सांगितल्यावर पुन्हा मोजणी, आठ! मग बांधाकडे नेऊन सोडला.

आईचं एक म्हणणं मात्र मी खोडलं. कोळी मुतला की अंगावर फोड येतात, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. त्यातले बरेच फोड पिडेरस नावाच्या नारिंगी-काळ्या किड्याचे. पावसाळ्यात तो दिव्याला येतो, अंगावर चिरडला की त्याचा रस कातडी भाजतो. म्हणून तो मारायचा नाही, फुंकून उडवायचा. पोरं आता आजीलाच हे शिकवतात.

दिवाळीच्या साफसफाईत आईने केरसुणी उगारली. भिंतीवर मोठी चपटी कोळीण होती, पोटाखाली पांढरी चकती धरलेली.

"आजी, थांब! तिची अंडी आहेत."

आईने केरसुणी खाली ठेवली आणि चष्मा मागितला.