आंबेनळी घाट, ब्रेकचा लाल दिवा आणि ‘सेन्सर आहे हो’

पहिल्यांदा निकाल सांगतो. नव्या गाडीत ब्रेकचा इशारा येतो-जातो आहे आणि सर्व्हिस सेंटरने ‘सेन्सरचा प्रॉब्लेम’ म्हणून हातावर बिल ठेवलंय, अशा गाडीने महाबळेश्वर ते पोलादपूर हा घाट उतरू नका. दिवा आपोआप विझला म्हणून तर मुळीच नको. येणारा-जाणारा दिवा कायम लागलेल्या दिव्यापेक्षा धोकादायक, कारण तो विझला की माणूस त्याला विसरतो. पुणे-वाई-महाबळेश्वर-पोलादपूर-खेड-दापोली अशा प्रवासात हे सगळं मी भोगून आलोय. ज्यांना याच रस्त्याने जायचंय किंवा ज्यांच्या गाडीत असाच मेसेज येतोय, त्यांच्यासाठी हे सविस्तर.

गाडी तीन वर्षांची, ऑटोमॅटिक, बहुतेक शहरातच चाललेली. निघण्याआधी मीटरवर ‘ब्रेक सिस्टीम तपासा’ असा मेसेज आणि गोलातल्या उद्गारचिन्हाचा लाल दिवा दिसायला लागला. तोही कुठे, तर सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार उतरताना. गाडी सपाटीला आली की गायब. हे जसंच्या तसं सर्व्हिस सेंटरच्या अ‍ॅडव्हायझरला सांगितलं. त्याने गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, ‘एकही कोड नाही साहेब’ म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट केलं, पैसे घेतले आणि ‘नव्या गाड्यांत होतं असं, ओलाव्याने सेन्सर चुकीचं दाखवतो, बिनधास्त जा’ असं सांगून पाठवलं. चाक काढलं नाही. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची डबी पाहिली नाही. उतारावरच दिवा लागतो या एका वाक्यात अख्खं निदान होतं आणि ते ऐकूनच घेतलं गेलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

पसरणी घाट चढणीचा, तिथे काहीच झालं नाही. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, सगळं छान. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

आंबेनळीची गोष्ट वेगळी. महाबळेश्वर जवळजवळ १,३७० मीटर उंचीवर आणि पोलादपूर पार खाली सावित्रीच्या काठी. सुमारे ४० किलोमीटरमध्ये बाराशे मीटरहून जास्त उंची उतरायची, तीही वळणावर वळण घेत. याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली होती, आणि जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडींनी रस्ता जागोजागी तुटला होता. हा रस्ता हलक्यात घ्यायचा नाही, हे दापोली-पोलादपूर भागातल्या कुठल्याही ड्रायव्हरला सांगावं लागत नाही.

मेटतळ्याच्या अलीकडे उतारावरच्या एका उजव्या वळणावर दिवा लागला. वळण संपलं, विझला. पुढच्या उजव्या वळणावर पुन्हा लागला. मग प्रत्येक उजव्या वळणावर, ब्रेक दाबला की मेसेज आणि टिंग-टिंग. डाव्या वळणावर काही नाही. मागे आई-बाबा, शेजारी बायको, डावीकडे दरी. काच खाली केली तेव्हा पुढच्या उजव्या चाकातून बारीक किरकिरही ऐकू आली.

अशा वेळी पहिल्या दहा सेकंदांत काय बघायचं ते नीट लक्षात ठेवा. सगळ्यात आधी पायाला काय जाणवतंय. पेडल नेहमीसारखं वर आणि घट्ट असेल तर ब्रेक धरतोय, जागा बघून थांबायला वेळ आहे. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल, दाबून ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल किंवा दोन-तीनदा पंप केल्याशिवाय धरत नसेल, तर पुढचं वळणही घ्यायचं नाही, डोंगराच्या बाजूला तिथल्या तिथे थांबायचं. मग दिव्याचा रंग. फक्त पिवळा एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा असेल तर साधा ब्रेक चालू असतो, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेक वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते, मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. तिथे प्रवास संपला, टो करायची. माझ्याकडे फक्त लाल होता आणि पेडल घट्ट होतं. हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिला तरी हाच दिवा लागतो, तेही एकदा बघून घ्या.

तिथून वाडा कुंभरोशीपर्यंत मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गिअरवर, जिथे लागला तिथे पहिल्यावर, इंजिनाच्या जोरावर गाडी धरत उतरलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वाजवू दे. जागा मिळेल तिथे त्यांना पुढे सोडा आणि आपला वेग वाढवू नका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे ड्रायव्हर आपल्याकडे गावोगाव आहेत. हे आत्महत्येचं काम आहे. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि मग पेडल दगडासारखं होतं.

कुंभरोशीला, प्रतापगडच्या फाट्याजवळ, सपाट जागी थांबलो. ब्रेकच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) तापलेल्या असताना ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही, गिअर ‘पी’वर (पार्क) टाकून चाकाला दगड लावायचा. चाकांवर पाणी ओतायचं नाही, तापलेली डिस्क वाकते. अर्धा तास गाडी थंड होऊ दिली. चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून ओल दिसते का बघितलं. कुठेही गळती नव्हती. मग बॉनेट. ब्रेक ऑइलची पांढुरकी डबी मागच्या बाजूला असते, तिच्यावर मिन आणि मॅक्सच्या रेषा असतात, झाकण न उघडता बाहेरून पातळी दिसते. माझी बरोबर मिनच्या रेषेवर होती.

इथे सगळं उलगडलं. डबीत तरंगता स्विच असतो. ऑइल मिनच्या आसपास आलं की सपाटीवर स्विच गप्प बसतो, पण गाडीचं नाक खाली गेलं किंवा वळणावर ऑइल डावीकडे सरकलं की तरंगणारा तुकडा खाली बसतो आणि दिवा लागतो. पार्किंगचा उतार, घाटातली उजवी वळणं, दोन्हीचं कारण एकच. बऱ्याच गाड्यांत हा स्विच फक्त मीटरवरचा दिवा लावतो, कोड साठवत नाही. ‘स्कॅनरमध्ये काही नाही’ याचा अर्थ ‘गाडीत काही नाही’ असा होत नाही.

आणि ऑइल कमी का झालं? गळती नसेल तर पॅड, म्हणजे डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, झिजलेत. पॅड पातळ झाले की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन जास्त बाहेर येतो, त्याच्यामागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली जातं. पातळी उतरणं ही पॅड संपत आल्याची खूण आहे. म्हणून नुसतं ऑइल टॉपअप करणं म्हणजे इशारा पुसून टाकणं.

नेमकं हेच माझ्याबाबतीत झालं. कंपनीच्या रोडसाइड मदतीला फोन लागला (रेंज येत-जात होती), टो गाडीला चार-पाच तास लागतील असं उत्तर आलं. पेडल घट्ट होतं म्हणून इंजिन ब्रेकवरच सावकाश पोलादपूर गाठलं. कशेडीला आता बोगदा आहे, त्यामुळे पुढचा रस्ता सोपा गेला. खेडच्या अलीकडे हायवेवर मोठी पाटी असलेलं एक गॅरेज दिसलं. तिथल्या माणसाने मोबाइलला जोडणारा छोटा स्कॅनर लावला आणि ‘एबीएस युनिट गेलंय, मास्टर सिलिंडरपण, ४६ हजार, पार्ट मागवावा लागेल’ असं बेधडक सांगितलं. तसले स्वस्त स्कॅनर बहुतेक इंजिनाचे, ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे ‘सी’ने सुरू होणारे कोड त्यांना बऱ्याचदा दिसतच नाहीत. स्क्रीनवर कोणता कोड आहे ते दाखवा म्हटल्यावर त्याने फोन खिशात घातला. मी पेट्रोल-पाण्याचं बघत होतो तेवढ्यात त्याच्या पोऱ्याने न विचारता डबी काठोकाठ भरली. दिवा विझला. ‘तात्पुरतं काम केलंय, घरी जाऊन युनिट बदला’ म्हणत स्कॅनिंगचे १,५०० आणि ऑइलचे ७००, असे २,२०० मागितले. बायको आणि मी दोघांनी ऐकवल्यावर सातशेवर आला. ऑइलची पाव बाटलीही ओतली नव्हती.

दिवा विझला होता. किरकिर तशीच होती. म्हणून दापोलीला पोचल्यावर समुद्राकडे न जाता रूमवाल्यांना मिस्त्री विचारला आणि सरळ तिकडे गेलो. वयस्कर माणूस. मी ४६ हजारांची गोष्ट सांगायला लागलो तर म्हणाले, ‘साहेब, आधी चाक काढूया, मग बोलूया.’ पुढचं उजवं चाक काढलं. बाहेरचा पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. आतला? पाठीच्या लोखंडाला टेकायला जेमतेम दोन मिलिमीटर. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून धरली होती, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर येत होता. चाकाच्या आऱ्यांतून डोकावलं तर बाहेरचाच पॅड दिसतो, आणि ‘पॅड चेक केले, ओके आहेत’ असं बिलावर लिहिणारे तेवढंच बघतात. किरकिर होती ती पॅडच्या धोक्याच्या पत्रीची. पॅड ठरावीक जाडीला आला की ती डिस्कला घासते, त्यासाठीच ती दिलेली असते.

नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो. तीनच्या खाली गेला की बदलायचा, घाटात जायचं असेल तर चारलाच बदला. पुढच्या चाकांच्या पॅडचा संच मिस्त्रींनी चिपळूणहून मागवला, दुसऱ्या दिवशी आला. पिना काढून, घासून, त्यांचं खास ग्रीस लावून बसवल्या. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो, तेव्हा ऑइल परत डबीत चढतं. काठोकाठ भरलेली डबी असती तर ते रंगावर आणि वायरिंगवर सांडलं असतं. ब्रेक ऑइल रंग खातं. मिस्त्रींनी आधी सिरिंजने जास्तीचं ऑइल काढलं, मग पिस्टन ढकलला. एकूण बिल चार हजारांच्या आत, जुने पॅड पिशवीत घालून हातात दिले.

मुरुड, कर्दे, आंजर्ले, कड्यावरचा गणपती याबद्दल भरपूर लिहिलेलं आहे, तिकडे वाचा.

आता सर्व्हिस सेंटरमध्ये कसं बोलायचं. मेसेज आला की शेजारच्याला व्हिडिओ काढायला सांगा, चालवणाऱ्याने फोनला हात लावू नये. त्याबरोबर उतार होता की सपाट, वळण कुठलं, ब्रेक दाबलेला होता का, पाऊस होता का, सुरू केल्या-केल्या आला की तापल्यावर, एवढं लिहून ठेवा. सुरू करतानाच येत असेल तर कमजोर बॅटरी हे एक नेहमीचं कारण. खडबडीत रस्त्यावर किंवा पाण्यातून गेल्यावर पिवळा एबीएस येत असेल तर चाकाचा स्पीड सेन्सर, त्याची वायर किंवा बेअरिंग बघायला सांगा. उतारावर लाल येत असेल तर पातळी आणि पॅड. जॉब कार्डवर ‘चारही चाकं काढून आतले-बाहेरचे पॅड मिलिमीटरमध्ये मोजून लिहा’ हे वाक्य स्वतः लिहायला लावा. एबीएससकट सगळ्या यंत्रणांचा स्कॅन रिपोर्ट छापून घ्या, आणि कोड पुसण्याआधी घ्या. सॉफ्टवेअर अपडेटचे पैसे मागितले तर कुठल्या तक्रारीसाठी कुठला अपडेट ते लेखी मागा. मी परतल्यावर जुने पॅड त्यांच्या टेबलावर ठेवले आणि अपडेटचे पैसे परत घेतले.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, गाडी कितीही कमी चाललेली असो. ते हवेतला ओलावा ओढतं. कोऱ्या डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर ते उकळलं की पाइपात वाफ होते आणि पाय सरळ तळाला जातो. तेव्हा कुठलाही दिवा आधी लागत नाही. झाकणावर लिहिलंय त्याच प्रकारचं ऑइल घ्या, सीलबंद बाटलीतलं. अडीनडीला इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही ओतू नका, रबरी सील फुगून अख्खी यंत्रणा बदलावी लागते.

स्टेपनी बदलता येते, जॅक आणि पाना गाडीत आहे, हे धरूनच चालतोय. त्यात एक चांगला टॉर्च आणि चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे टाका. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर चालत्या गाडीत त्याचं बटण ओढून धरल्यावर काय होतं ते मॅन्युअलमध्ये निघण्याआधी वाचा. बहुतेक गाड्यांत तो आणीबाणीचा ब्रेक म्हणून काम करतो.

परत येताना माणगाव-ताम्हिणीने आलो. पुण्याकडे येताना तो घाट चढणीचा आहे, ब्रेकवर ताण नाही, आणि आई-बाबा बरोबर असतील तर जातानाही मी तोच रस्ता घेईन. आंबेनळी सुंदर आहे, पण तो पॅड मोजलेल्या गाडीसाठी.