आमच्या प्रवर्गासमोर शून्य का?

जिल्हा परिषदेची जाहिरात निघाली की वाशीम-बुलढाण्याकडची पोरं हमखास विचारतात: एवढ्या जागा निघाल्या, मग आमच्या प्रवर्गासमोर शून्य कसं? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

आरक्षणाची टक्केवारी जाहिरातीतल्या जागांवर लागत नाही, संवर्गातल्या, म्हणजे एका प्रकारच्या पदांच्या गटातल्या, एकूण पदांवर लागते. सभरवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1995 सालीच हे ठरवलं. समजा 200 पदं आहेत. अनुसूचित जातींचे 13 टक्के म्हणजे 26. त्या बिंदूंवर, म्हणजे प्रवर्गासाठी ठरलेल्या क्रमांकांवर, 26 जण कामावर असतील तर यंदा शून्य, 24 असतील तर दोन. (गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळला जिल्हास्तरीय गट क आणि ड पदांची टक्केवारी वेगळी, तिथं राज्याचा तक्ता लावू नका.) म्हणजे शून्य बरोबरही असू शकतं. चूक असेल तर ती सापडते बिंदुनामावलीत, म्हणजे कोणत्या बिंदूवर कोण आहे त्या नोंदवहीत.

नेहमीची गफलत अशी: राखीव प्रवर्गातली मुलगी सवलत न घेता, गुणांवर खुल्या यादीत बसते. इंद्रा साहनी निकालानुसार ती खुल्या जागेवरच मोजायची. आस्थापनेवरचा लिपिक मात्र जातीचा दाखला पाहून तिला राखीव बिंदूवर चढवतो. एक राखीव जागा कागदावर भरली! वरून पारावर ऐकायला मिळतं, की यांच्यात मेरिट नसतं.

दुसरी भानगड जात वैधतेची. दावा अवैध ठरलेल्यांना 21 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयानं अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांबाहेरच्या जादा, पदावर नेलं. त्यांचा मूळ बिंदू त्याच प्रवर्गासाठी रिकामा दिसायला हवा. अनुसूचित जमातीच्या पोरांनी हे आधी तपासावं.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करा. एकच विषय, 150 शब्दांच्या आत. संवर्गाची तपासलेली बिंदुनामावली आणि मागच्या भरतीची गुणांसह निवड यादी मागा. नुसता गोषवारा घेऊ नका; त्यात फक्त बेरजा असतात. मग खुल्यातल्या शेवटच्या उमेदवाराहून जास्त गुणांची नावं राखीव बिंदूंवर आहेत का, ते पाहा. वयाची किंवा अन्य सवलत घेतलेली नावं त्या जाहिरातीच्या अटींनुसार वेगळी काढा.

चूक दिसली तर नागपूर किंवा अमरावतीच्या विभागीय आयुक्तालयातल्या मागासवर्ग कक्षाकडे पुराव्यासह लेखी तक्रार द्या, पोच घ्या. हे जाहिरातीआधी करा. नेमणुका झाल्यावर बिंदू हलवायचा तर बहुधा कोर्टाचीच पायरी चढावी लागते.